वस्तू, वर्ग आणि पगारपत्रक



या मंडपात आम्ही पुष्कळ वर्षे येत आहोत, पण ते समोरच्या खुर्च्यांवर बसण्यासाठी. चालकांनी यंदा आम्हांला इकडच्या बाजूला बसविले, तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की, आम्ही कामगार कायद्यावर किंवा फार तर संपांच्या आठवणींवर बोलू. आम्ही विषय लिहून पाठविला आणि दुसऱ्याच दिवशी एक चिटणीस घरी येऊन विचारते झाले, "पत्र आपलेच ना?" पत्र आमचेच होते. संगणकाच्या जगात ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ म्हणून एक विचारपद्धती आहे. तिची कसलीही तयार सोय जिच्यात नाही अशा जुन्या ‘सी’ भाषेत बसून आम्ही ती कशी शिकलो, आणि युनियनच्या माणसाला ती शिकण्याची गरज का पडली, हे आज सांगावयाचे आहे. या विषयात आम्ही पंडित नाही. शाळा दहावीला सुटली, पुढचे सारे वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात शिकलो. सभेत इंजिनिअर मंडळी बसलेली दिसतात. त्यांनी आमच्या चुका पदरात घ्याव्यात, आणि सभा संपल्यावर दाखवूनही द्याव्यात.

गोष्ट पगाराच्या एका चिठ्ठीपासून सुरू होते. २०१९ साली आमच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नव्या प्रकारचे कामगार घेण्यास सुरुवात झाली. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. प्रकरण मिटले आहे. तोपर्यंत तेथे कायम, बदली आणि शिकाऊ असे तीन प्रकार होते. चौथा आला तो मुदतीच्या नेमणुकीचा. महिनाअखेर त्यांच्यापैकी एक तरुण चिठ्ठी घेऊन कचेरीत आला. रोज ६४० रुपये, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला ८०. महिन्यात त्याने १२ तास जादा काम केलेले. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे जादा कामाला दुप्पट दर, म्हणजे १,९२० रुपये निघावयास हवे होते. चिठ्ठीवर होते ९६०.

आम्ही टाइम ऑफिसात गेलो. उत्तर मिळाले, "साहेब, कॉम्प्युटर चुकत नाही." पूर्वी हिशेब चुकला म्हणजे हिशेबनीस चुकलेला असे. त्याला गाठता येई, त्याच्याबरोबर चहा घेता येई, वेळ पडली तर त्याच्या टेबलावर हात आपटता येई. आता टाइम ऑफिस म्हणे पर्सोनेल ऑफिसला विचारा, पर्सोनेल ऑफिस म्हणे प्रोग्रॅमवाल्याला विचारा, आणि प्रोग्रॅमवाला कोठे असतो हे कोणालाच ठाऊक नसे. तीन महिने असे गेले. तीन महिने त्या पोराला निम्मे पैसे मिळाले.

अखेरीस प्रोग्रॅमवाले सापडले. पन्नाशीचे, साधे, सरळ गृहस्थ. त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी फॉक्सप्रो नावाच्या भाषेत तो पगाराचा प्रोग्रॅम लिहिला होता आणि अजून तेच एकटे तो सांभाळीत होते. त्यांनी पडद्यावर सारे उघडून दाखविले. ओळी अशा होत्या: कामगार कायम असेल तर असे कर, बदली असेल तर तसे कर, आणि शेवटी ‘अदरवाइज’, म्हणजे अन्यथा, तास गुणिले दर. शिकाऊ मुलांना जादा काम द्यावयाचेच नसल्यामुळे या ‘अन्यथा’च्या खणात कोणी येणार नाही, अशा समजुतीने तेथे काहीतरी लिहून ठेवलेले. मुदतीचे कामगार आले तेव्हा या गृहस्थांनी मूळ पगाराच्या जागी चौथा प्रकार घातला, रजेच्या जागी घातला, भविष्यनिर्वाह निधीच्या जागी घातला; जादा कामाच्या जागी घालावयाचा राहिला. लबाडी नव्हती, विसर होता. फरकाची रक्कम पुढच्या पगारात मिळाली. पण जाता जाता ते गृहस्थ जे बोलले ते आमच्या डोक्यातून जाईना. ते म्हणाले, "कामगाराचा प्रकार या प्रोग्रॅममध्ये एकूण किती ठिकाणी विचारला आहे, हे मलाही आता पाठ नाही."

म्हणजे उद्या पाचवा प्रकार आला की पुन्हा हेच. आणि पुन्हा आम्ही चिठ्ठीवरचा आकडा तेवढा दाखविणार. आकडा कोठून आला हे दाखविणे आमच्या हातात नाही. गिरणीतील जुन्या जॉबरला साचा का तुटतो हे कळत असे, म्हणून व्यवस्थापक त्याच्याशी जपून बोलत. पगारपत्रकाचा साचा आम्हांला कळत नव्हता.

२०२० च्या टाळेबंदीत कचेरीला कुलूप लागले आणि वेळ मिळाला. आमच्याच वाड्यातील एका सभासदाची मुलगी डिप्लोमाला होती. तिच्याजवळ सी भाषेचे जुने पुस्तक होते. ते आम्ही मागितले तेव्हा ती म्हणाली, "काका, एवढे मागे कशाला जाता? थेट जावा शिका. त्यात क्लास, ऑब्जेक्ट सगळे तयार मिळते." आम्ही म्हटले, "पोरी, तयार मिळते म्हणूनच नको. फॉक्सप्रोवाल्यांचे काय चुकले ते पाहायचे आहे, आणि ते तयार वस्तू नसलेल्या ठिकाणीच चुकले आहे." तिला ते पटले असे नाही, पण शिकवावयास ती कबूल झाली.

आता दोन पद्धतींतील भेद थोडक्यात सांगतो. सी, फॉक्सप्रो, पास्कल या कृतिप्रधान भाषा होत. त्यांत माहिती एका बाजूला पडलेली असते आणि कृती दुसऱ्या बाजूला. आधी हे कर, मग ते कर, अशी आज्ञांची ओळ. वस्तुप्रधान पद्धतीत माहिती आणि तिच्यावर चालणाऱ्या कृती यांचे एक गाठोडे करतात, त्याला वस्तू म्हणतात, आणि बाहेरच्याने गाठोड्यात हात न घालता त्याला फक्त काम सांगावयाचे असते. एवढे कोणत्याही पुस्तकात सापडेल. आम्हांला पाहावयाचे होते ते हे की, गाठोडे बांधतात कशाने.

सी मध्ये ‘स्ट्रक्ट’ म्हणून एक सोय आहे. तिच्या योगाने माहितीचे चार तुकडे एका पुडक्यात ठेवता येतात: नाव, हजेरी क्रमांक, दर, जादा तास. (त्याच भाषेत ‘युनियन’ नावाचीही एक सोय आहे. आम्ही मोठ्या उत्सुकतेने ते पान उघडले. पाहतो तो, या युनियनमध्ये सगळे सभासद एकाच जागेवर राहतात आणि एका वेळी एकच खरा असतो. अशा युनियना आम्ही प्रत्यक्षातही पाहिल्या आहेत.)

पहिली पायरी झाकण्याची. प्रोग्रॅमचे दोन भाग करावयाचे. दर्शनी भागात एवढेच जाहीर करावयाचे की, ‘कामगार’ नावाचे एक पुडके आहे. आत काय आहे ते सांगावयाचे नाही. आतला तपशील दुसऱ्या भागात, आणि पुडके हाताळणारी फंक्शनेही तेथेच. बाहेरच्याला मिळतो तो फक्त पुडक्याचा पत्ता, ज्याला पॉइंटर म्हणतात. त्याने दराला थेट हात लावू म्हटले तर कंपायलरच त्याला अडवितो, कारण दर नावाचे काही आत आहे हेच त्याला ठाऊक नसते. गंमत अशी की, सी चे लोक हे पहिल्यापासून करीत आले आहेत. फाइल उघडणारे फंक्शन आपल्याला एक पत्ता देते. वाचताना, लिहिताना, बंद करताना तोच पत्ता परत द्यावयाचा. त्या पुडक्यात काय दडले आहे याची चौकशी कोणी करीत नाही. डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीत ही भाषा घडविली ती १९७२ च्या सुमारास. त्याच वर्षी डेव्हिड पार्नस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. प्रोग्रॅमचे भाग पाडताना कामाच्या क्रमाप्रमाणे पाडू नका, जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो प्रत्येकी एका भागात लपवा, असे त्यात प्रतिपादन आहे. आमच्या कारखान्यात बदलणारा निर्णय कोणता, तर कामगाराचा प्रकार. आणि तोच सगळीकडे पसरलेला.

दुसरी पायरी खरी महत्त्वाची, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घेतो. सी मध्ये माहितीला जसा पत्ता असतो तसा फंक्शनलाही असतो, आणि तो पत्ता पुडक्यात ठेवता येतो. हे कळले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही, असे म्हटले तर घरची मंडळी साक्ष देतील. याचा अर्थ असा की, प्रत्येक कामगाराच्या पुडक्यात त्याच्या जादा पगाराचा नियम कोठे आहे, याचा पत्ता बरोबर देता येतो. मग पगार काढणारा ‘तू कायम का? तू बदली का?’ असे विचारीतच नाही. तो फक्त म्हणतो, ‘तुझा जादा पगार काढ.’ कायम कामगार आपल्या नियमाने काढतो, मुदतीचा आपल्या नियमाने. हाक एक, उत्तरे निरनिराळी; पुस्तकात याला बहुरूपता म्हणतात. आणि ‘अन्यथा’चा खण उरतच नाही.

आम्ही प्रथम प्रत्येक कामगाराच्या पुडक्यात पाच पाच पत्ते भरले: मूळ पगार, जादा काम, रजा, निधी, बोनस. चारशे कामगार, दोन हजार पत्ते, आणि सगळ्या बदली कामगारांचे पाचही पत्ते तेच ते. मुलगी म्हणाली, "काका, हे दर कामगाराच्या कपाळावर कशाला लिहिता? एक तक्ता करा." मग प्रत्येक प्रकारासाठी पाच पत्त्यांचा एकच तक्ता केला, आणि कामगाराजवळ फक्त त्या तक्त्याचा पत्ता ठेवला. हा तक्ता पाहत असताना आम्हांला ‘क्लास’ या शब्दाचा अर्थ समजला. ‘वर्ग’ हा शब्द आमच्या तोंडी तीस वर्षे आहे, पण येथे वर्ग म्हणजे ज्यांचे नियम एकाच तक्त्यावर लिहिले आहेत ते सगळे. सी++ चे कंपायलर सर्वसाधारणपणे असाच तक्ता आपण होऊन बनवितात, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. जावाने आरंभ केला असता तर आम्ही ‘क्लास’ हा शब्द शंभर वेळा लिहिला असता आणि हा तक्ता एकदाही पाहिला नसता.

तिसरी पायरी वारशाची. मुदतीचा कामगार म्हणजे कामगारच, वर मुदत संपण्याची तारीख. तेव्हा त्याच्या पुडक्यात सर्वांत आधी जुने ‘कामगार’ पुडके जसेच्या तसे ठेवावयाचे आणि त्यापुढे तारीख. पुडक्याचा पत्ता आणि त्यातील पहिल्या वस्तूचा पत्ता एकच असतो, अशी सी भाषेची हमी आहे. त्यामुळे ज्याला फक्त कामगार ओळखता येतो त्याच्या हाती मुदतीचा कामगार दिला तरी त्याचे अडत नाही. याहून वारशावर अधिक बोलण्यासारखे आम्हांला सापडले नाही. लोक त्याचा फार डंका पिटतात.

आमच्या फजितीचीही गोष्ट सांगितली पाहिजे. मुदतीच्या कामगारांचा तक्ता भरताना आम्ही जादा कामाचा रकाना भरावयास विसरलो. म्हणजे फॉक्सप्रोवाल्यांची जी चूक तीच, तीच जागा! प्रोग्रॅम चालविला, तो पहिल्या मुदतीच्या कामगारापाशी आला, रिकाम्या पत्त्यावर उडी मारावयास गेला आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असे दोन शब्द लिहून आडवा झाला. मुलगी हसू लागली. आम्हांला मात्र आनंद झाला. गप्प राहून निम्मा पगार देणारा प्रोग्रॅम आणि विव्हळून बंद पडणारा प्रोग्रॅम, या दोहोंत कामगाराच्या बाजूने दुसरा केव्हाही बरा. पगार एक दिवस उशिरा होईल, पण चूक कोणाच्या खिशात शिरणार नाही.

ही पद्धती काढली कोणी, याचा शोध घेताना आम्हांला जे सापडले त्यामुळे हा विषय परका राहिला नाही. नॉर्वे देशाच्या राजधानीत, ऑस्लो येथे, नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटर नावाची संस्था आहे. तेथे १९६० नंतरच्या दशकात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड या दोघांनी ‘सिम्युला’ भाषा घडविली. जगातील रांगा, वाहतूक, कारखाने यांची नक्कल संगणकावर करून पाहावी हा हेतू. एका पुलावरच्या टोलनाक्याचा विचार करताना त्यांना अडचण आली: रांगेत ट्रकही आहेत आणि बसगाड्याही, दोन्ही वाहनेच, पण दोन्हींचे वागणे वेगळे. आपल्याकडे नाक्यावर अडकलेल्या माणसाला एवढे सुचणे कठीण. वाहन हा सामाईक भाग एकदाच लिहावा आणि त्यावर ट्रक, बस हे उभारावेत, या विचारातून १९६७ ची सिम्युला तयार झाली. वर्ग, उपवर्ग, बहुरूपी कृती हे सारे तिच्यात आहे. आणि लक्षात घेण्याची गोष्ट ही की, ती भाषा ‘अल्गॉल ६०’ या कृतिप्रधान भाषेच्याच पायावर उभी आहे.

पुढची हकीकत आम्हां युनियनवाल्यांच्या अभिमानाची आहे. हेच न्यूगार्ड १९७० नंतर नॉर्वेच्या लोखंड व धातुकामगारांच्या युनियनबरोबर कामाला लागले. कारखान्यात येणारा संगणक कामगारांचे काय करणार, हे कामगारांनी स्वतः समजून घ्यावे यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर कामगारांकरिता पाठ्यपुस्तक लिहिले. १९७५ साली तेथील मध्यवर्ती कामगार संघटना आणि मालकांचा संघ यांच्यात करार झाला, आणि नव्या संगणकपद्धतींची माहिती मिळविण्याचा व त्यासाठी कामगारांचा खास प्रतिनिधी नेमण्याचा हक्क मान्य झाला. डाल आणि न्यूगार्ड यांना २००१ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, सहा आठवड्यांच्या अंतराने दोघेही वारले.

सिम्युलाचा वारसा सी कडे आला तो ब्यार्ने स्ट्रूस्ट्रप या डॅनिश माणसामुळे. केंब्रिजला असताना त्याने सिम्युला वापरली होती. विचार करावयास ती त्याला आवडली, पण तिच्यातील प्रोग्रॅम फार मंद चाले. पुढे बेल लॅबोरेटरीत त्याने १९७९ साली ‘वर्गांसह सी’ अशा अर्थाच्या नावाने काम सुरू केले. १९८३ साली तिचे नाव सी++ झाले. आरंभी ही नवी भाषा चालत असे कशी, तर तिचे भाषांतर साध्या सी मध्ये होई आणि मग ते सी यंत्राला दिले जाई. आम्ही वाड्याच्या ओट्यावर बसून हाताने जे करीत होतो, ते त्याचा अनुवादक आपोआप करीत होता. वस्तू, वर्ग, बहुरूपता हे सारे सी मध्ये लिहून दाखविता येते, याला याहून मोठा पुरावा कोणता? आजही लिनक्सचा गाभा प्रामुख्याने सी मध्ये आहे, आणि त्यात प्रत्येक उपकरणाचा चालक उघडणे, वाचणे, लिहिणे यांच्या पत्त्यांचा एक तक्ता भरून देतो. १९९१ पासून वाढत आलेला तो डोलारा अशा तक्त्यांवर उभा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकदा तक्ता हाती आल्यावर आम्ही युनियनच्या वर्गणीच्या पावतीलाही वस्तू केले, पावतीपुस्तकालाही केले, आणि साठ ओळींचे काम चारशे ओळींचे केले. तेथे त्याची काही गरज नव्हती. शिवाय या पद्धतीचा लाभ प्रकार वाढत असतील तेव्हा. प्रकार ठरलेले आहेत, पण दरसाल नवे विवरणपत्र, नवा हिशेब येतो आहे, अशा ठिकाणी उलटे होते: दर नव्या कृतीसाठी प्रत्येक वर्गाच्या तक्त्याला हात लावावा लागतो, आणि जुनी ‘असेल तर’ची ओळच सोयीची ठरते, कारण सगळे एका जागी वाचता येते. आणि सी तुम्हांला सांभाळून घेत नाही, हेही खरे. शिकावयास ती उत्तम. रोजचा मोठा संसार करावयाचा तर तयार भाषा घेणारा शहाणा, फक्त त्याने एकदा तरी तक्ता हाताने भरलेला असावा.

२०२१ साली त्या कारखान्याशी नव्या कराराची बोलणी झाली. आमच्या मागण्यांत एक कलम असे होते: कामगारांचा नवा प्रकार निघाला की पहिल्या पगारापूर्वी प्रत्येक प्रकाराची एक चाचणीची चिठ्ठी काढून युनियनला द्यावी. व्यवस्थापक म्हणाले, याची गरज काय? तेव्हा आम्ही फॉक्सप्रोवाल्या गृहस्थांकडे वळून विचारले, "कामगाराचा प्रकार एकूण किती ठिकाणी विचारला जातो, ते आता मोजलेत का?" ते थोडे थांबले आणि म्हणाले, "मोजले. अकरा." बैठकीत कोणी बोलेना. मग त्यांनी आपण होऊन सांगितले की, अकराही जागचे नियम आपण एका तक्त्यात आणीत आहोत. फॉक्सप्रोत त्याला वस्तू म्हणा किंवा नका म्हणू. ‘अदरवाइज’ आपण ठेवला आहे, पण तेथे आता तास गुणिले दर नाही. प्रकार अनोळखी असेल तर प्रोग्रॅम थांबतो आणि हजेरी क्रमांक पडद्यावर दाखवितो.

कलम मान्य झाले. चाचणीच्या चिठ्ठ्या आमच्या कचेरीत येतात. त्या तपासावयास बसतो तो ९६० रुपयांची चिठ्ठी घेऊन आलेला तरुणच. गेल्या दिवाळीच्या बोनसाच्या चाचणीत त्याने एक चूक काढली. ती बदली कामगारांच्या तक्त्यात होती.